मोरछाप

"तुझ्या डोंगराला केस लागलाय बघ," आबा म्हणाले, आणि चिमट्यात धरलेला ओला फोटो त्यांनी माझ्या नाकासमोर नाचवला.

स्टुडिओच्या माडीवर खिडकीपाशी आम्ही बापलेक उभे होतो. श्रावण तोंडावर आला होता, पण त्या दिवशी छान उघडीप होती. आबांच्या दुसऱ्या हातात तसाच आणखी एक फोटो होता. दोन्हींत समोरचा डोंगर तोच, त्याच्या पायथ्याच्या उभेवाडीची कौलं तीच. फरक होता तो फिल्मचा. एक फोटो विलायती फिल्मवर काढलेला, दुसरा मोरछापवर.

मोरछाप हे नाव आम्हीच पाडलेलं. कोल्हापूरहून येणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्यानं ती नवी स्वस्त फिल्म आमच्याकडे नमुन्याला ठेवली होती. डबीवर मोर होता, आणि खरं नाव आमच्या जिभेला झेपणारं नव्हतं. "आबासाहेब, विलायतीच्या तोडीस तोड हाय," असं तो छातीवर हात ठेवून सांगून गेला होता. आबांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण तेव्हा रंगीत फोटोंचं वारं सुटलं होतं, आमचा काळ्यापांढऱ्याचा धंदा रोडावला होता आणि विलायती फिल्म दर खेपेला महाग होत होती. म्हणून त्यांनी परीक्षा घेतली.

परीक्षेची त्यांची रीत ठरलेली होती. खिडकीत तिपाई लावायची आणि समोरचा डोंगर टिपायचा, एकदा जुन्या फिल्मवर, एकदा नव्या. "माणसाचं तोंड घटकंत बदलतंय. डोंगर हाय तसा ऱ्हातोय. फिल्मची लबाडी डोंगरावर कळती," असं ते म्हणायचे.

मी फोटो हातात घेतला. मोरछापवर डोंगराच्या अंगावर, वाडीच्या बरोबर वर, एक बारीक काळी रेघ आडवी उमटली होती. विलायतीवर तिचा मागमूस नव्हता.

"गोदाक्काच्या घराच्या वरच आलीया की," मी म्हणाले. "आक्काला सांगते, तुझ्या घरावर केस पडलाय."

"सांग. स्वस्ताची फिल्म, केसासकट मिळती म्हणावं."

दोघंही हसलो. गोदाक्का माझी थोरली बहीण. उभेवाडीतच दिलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि तिचं लग्न झाल्यावर आबांसोबत स्टुडिओत उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. माझं वय लग्नाचं झालं होतं, पण त्या बाबतीत आबा कानावर हात ठेवून बसले होते आणि मलाही घाई नव्हती.

दोन दिवसांनी निकमबाई दुकानाची पायरी चढल्या त्या तणतणतच.

"आबासाहेब, ह्ये काय केलंयसा?"

नवरा-बायकोचा जोडीनं काढलेला फोटो त्यांनी टेबलावर आपटला. रेघेचा एवढा पुरावा समोर असूनही आबांनी हा फोटो मोरछापवर काढला होता. स्वस्ताईचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही. फोटोत निकमबाईंचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते. आणि कपाळावरचं ठसठशीत कुंकू काळं ठिक्कर पडलं होतं.

"मालक महिनाभर अंथरुणाला हुते, आत्ता कुठं उठल्यात," निकमबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम फुटला. "आन् तुमी माझ्या कपाळाला काजळी फासलीसा? काळं कुंकू कवा लावत्यात, ठावं न्हाई तुमास्नी?"

त्या नुसत्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. फोटोकडे बघायचं त्या टाळत होत्या आणि सारखी कपाळाला बोटं लावून बघत होत्या. आबांनी हात जोडले, फोटो त्यांच्यासमोर फाडला, विलायतीवर नवा काढून देईन म्हणाले. बाई गेल्या तशी त्यांनी मोरछापची डबी कोपऱ्यात भिरकावली.

"आंधळी हाय ही फिल्म! तिला तांबडं दिसतच न्हाई. तांबडं म्हंजी तिच्या लेखी अंधार. म्हणून तर तांबड्या दिव्यात धुता येती, विलायतीसारखं डोळं मिटून चाचपडायला नको. मला म्हातारचळ लागला म्हणून हिच्यावर माणसाचा फोटू काढला."

ते बोलत राहिले. माझं लक्ष मात्र भिंतीवर खिळ्याला अडकवलेल्या डोंगराच्या फोटोकडे गेलं होतं.

"आबा," मी म्हणाले, "मग ती डोंगरावरची रेघ तांबडी असंल."

आबांनी मान वळवून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"केस न्हवं तो. तांबडी माती हाय. गवताखालची."

"खुळी का काय. विलायतीवर कुठं हाय?"

"विलायतीला तांबडं बी दिसतंय, हिरवं बी दिसतंय. दोन्ही एकाच करड्या रंगात. तुमीच सांगितलंयसा न्हवं, तांबडं लुगडं काय आन् हिरवं काय, विलायतीवर सारखंच. गवतात माती लपली तिथं."

"पायवाट असंल."

"पायवाट डोंगर चढती. ही आडवी गेलीया."

आबा खिडकीशी गेले आणि डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. मीही बघितलं. तेवढ्या लांबून साध्या डोळ्यांना ओलसर हिरवा धूर दिसत होता, बाकी काही नाही. कोपऱ्यातली डबी मी उचलून आणली. या खेपेला मी कॅमेरा मुद्दाम तिरका धरला. रेघ फिल्मची असेल तर ती फिल्मसोबत सरळ राहील, डोंगराची असेल तर डोंगरासोबत कलेल.

अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून आम्ही दोघं उभे होतो. पाण्याखाली हळूहळू डोंगर वर आला, कललेला. त्याच्या अंगावरची रेघ त्याच्यासोबत कलली होती.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्याला लावला आणि परत काढून पुसला. माझा बाप घाबरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

"सकाळी वाडीला जा," ते म्हणाले. "मी तालुक्याच्या कचेरीत जातो."

उभेवाडीत पंचमीची तयारी जोरात होती. चिंचेला झोके बांधले होते. वाडीच्या लेकी माहेरपणाला यायच्या होत्या, घरोघरी अंगणं सारवली जात होती. आक्का हात शेणानं भरलेले तशीच पुढे आली. "मला माहेरी न्यायला मूळ म्हणून आलीस? औंदा न्हाई गं जमायचं. नणंद येणार हाय."

मी दाजींना बाजूला घेतलं. दाजी म्हणजे आक्काचे मालक, बळवंतराव. मोठ्या मनाचा, हसरा माणूस. दोन्ही फोटो मी त्यांच्यापुढे धरले आणि सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही नीट पाहिले.

"ह्यातला महागाचा कंचा?"

"हा. रेघ नसलेला."

"मग झालं तर! चांगली फिल्म रेघ न्हाई म्हंतीया. स्वस्ताच्या फिल्मचं कशाला मनावर घ्यायचं?"

"दाजी, तुमी एकदा माझ्यासंगं वर चला. तिथं काय नसंल तर मी तुमच्या दारात कान धरून उठाबशा काढीन."

गवत कमरेएवढं होतं. पाय कुठं पडतोय ते कळत नव्हतं. दाजी पुढे काठीनं गवत सारत चालले होते, मला चिडवत होते, मध्येच शीळ घालत होते. एकदम ते थांबले. शीळही थांबली.

गवत तिथं केसांत भांग पाडावा तसं दुभंगलं होतं. वरच्या अंगापेक्षा खालचं अंग पायरीभर उतरलं होतं, आणि मधे कोरी तांबडी माती, तुटलेल्या मुळ्या. डाव्या हाताला बघितलं तर भेग गेलेली, उजव्या हाताला तशीच. वरून येणारं पाणी तिच्यात उतरत होतं आणि कुठूनही बाहेर पडत नव्हतं. दाजींनी काठी आत सोडली. काठी मुठीपर्यंत गेली तरी तळ लागला नाही. मग त्यांच्या हातून ती सुटलीच, आणि खाली पडल्याचा आवाजही आला नाही.

मला एक पाऊल टाकवेना. खाली आमच्या पायांच्या रेषेत वाडीची कौलं दिसत होती, आक्काच्या अंगणातली सारवणाची ओल दिसत होती. आपण हललो तर सगळं हलेल असं वाटत होतं.

"हळू चल," दाजी कुजबुजले. डोंगराला ऐकू जाईल अशा भीतीनं कुजबुजले.

वाडीत परतल्यावर दाजींनी माणसं गोळा केली. पोवारतात्या वाडीतले वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोटोही पाहिले.

"भ्याग दर पावसाळ्यात कुठं ना कुठं पडती," ते म्हणाले. "उद्या चतुर्थी, परवा पंचमी. पंचमीला आपण चुलीवर तवा ठेवत न्हाई, मातीत खुरपं घालत न्हाई. आन् त्या दिवशी लेकी दारात आल्या तर घराला कुलपं बघून माघारी जाऊ देत? पंचमी सरली की बघू."

"तात्या, तवर डोंगर दम धरंल का?" दाजींनी विचारलं.

"नागोबाच्या सणाला डोंगराचं नाव घिऊन बोंबलू नगंस बळवंता. अभद्र बोललं की अभद्र घडतंय."

माणसं माना हलवत पांगली. दाजी माझ्याकडे बघत उभे राहिले. मी आक्काच्या अंगणात आले. वाडीतल्या बायका तिथं झोक्याच्या दोराला गाठी मारत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. सगळ्यांच्या कपाळांवर रुपयाएवढी कुंकवं. माझ्या खांद्याला कॅमेरा होता आणि आत मोरछाप होती.

"आक्का," मी म्हणाले, "पंचमीची आठवण म्हणून समद्या सवाष्णींचा एक फोटू काढू?"

एकच गलका झाला. कुणी पदर नीट केला, कुणी पोराला कडेवरून उतरवलं. आक्काची सासू आणि तिच्या सोबतीच्या दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या होत्या, त्या आपणहून उठून आत सरकल्या. मी बटण दाबलं.

संध्याकाळी आबा तालुक्याहून आले तेच तोंड कडू करून. "सायेब म्हणाला, एक फोटू म्हंतोय हाय, एक म्हंतोय न्हाई. धुवायला चुकला असशीला. सुट्टीनंतर या." बोलता बोलता त्यांची नजर मी वाळत घातलेल्या फोटोवर गेली. तीन ओळींत बसलेल्या हसऱ्या बायका, आणि एकेकीच्या कपाळावर काळा डाग.

मला काही सांगावं लागलं नाही. ते खुर्चीत बसले.

"रत्ने, ह्ये पाप हाय. बाईच्या कुंकवाशी खेळायचं नसतंय."

"आबा, आक्का आज तिथंच झोपणार हाय."

ते उठले, अंधाऱ्या खोलीत गेले, तांबडा दिवा लावला आणि कागदाचं पाकीट माझ्या हातात दिलं. "मोठा कर. आन् जास्त वेळ ठेव. अजून काळं हुंदे."

चतुर्थीच्या सकाळी बायका न्हाऊन, केस मोकळे सोडून आक्काच्या ओसरीवर जमल्या होत्या. भावाचा उपवास होता. फोटो बघायला त्या एकमेकींवर पडल्या. पहिलीनं बघितला आणि तिचं हसू तिथंच राहिलं. तिनं न बोलता तो दुसरीला दिला, दुसरीनं तिसरीला. ओसरीवर आवाज असा उरला नाही. मी खांबाला टेकून उभी होते. कुणी विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं.

फोटो आक्काच्या हातात गेला. तिनं तो उजेडात नेला, बघितला, माझ्याकडे बघितलं. मग फोटो टाकून तिनं असा हंबरडा फोडला की परड्यातली म्हैस दावणीला हिसके द्यायला लागली.

"आगं बायांनो! समद्यांची कुंकवं काळी! समद्यांची!"

मग काय विचारता. रडारड, छाती बडवणं, पोरांचं भोकाड. या सगळ्यात आक्काचाच आवाज वर होता. "गावदेवीच्या पायाशी जायाचं! नवरे संगट घिऊन! पोरं घिऊन! पंचमी सरेस्तवर कुणी घराकडं फिरायचं न्हाई! आत्ताच्या आत्ता!"

माझ्या बहिणीनं हा उपाय कुठून काढला ते मला कळेना, पण दुपारच्या आत वाडी रिकामी व्हायला लागली. नवरे नको नको म्हणत होते आणि बायका त्यांना ओढत होत्या. डोंगराच्या भेगेला न जुमानणाऱ्या पोवारतात्यांना त्यांच्या बायकोनं दंडाला धरून उतरणीला लावलं. गुरंसुद्धा सोडून खाली हाकली. दाजी मागे-पुढे धावत होते.

आमच्या गावच्या देवीचं देऊळ त्या रात्री माणसांनी भरलं. पाऊस परत लागला होता. मी खांबाशी बसून कपाळं बघत होते. तांबडं, तांबडं, तांबडं. सगळ्या जणी होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही. सकाळी उजाडताना चहाची किटली घेऊन मी त्या सगळ्यांमधून फिरले, तेव्हा मला कळलं की देवळात मोकळं कपाळ एकही नाही.

किटली मी तशीच खाली ठेवली.

"आक्का, तुझी सासू कुठाय?"

आक्का भिंतीला टेकून जागीच होती. तिचे डोळे सुजले होते.

"आल्या न्हाईत. तिघीबी न्हाई आल्या. किती पाया पडले मी काल. ह्येनी बी सांगितलं भ्यागीचं. म्हणाल्या, 'मला काय भ्या दावता? माझ्या कपाळाला काय हाय काळं व्हायला? लेक दारात आली तर कुणी तरी दार उघडायला नको?' ह्ये पहाटंच गेल्यात परत. उचलून आणतो म्हणाले."

म्हणजे दाजीही वर होते. बाहेर पाऊस थांबला होता. एसटीच्या थांब्यावर आबा छत्री घेऊन उभे होते, वाडीच्या लेकी उतरल्या की त्यांना देवळाकडे वळवत होते. दाजींची बहीण पहिल्याच गाडीनं आली, हातात लाह्यांची पिशवी, कडेवर पोर. "आई कुठाय?" तिनं आल्या आल्या विचारलं. आक्का म्हणाली, "येत्यात."

आवाज फार मोठा नव्हता. लांब कुणीतरी जोंधळ्याची पोती ओतावीत तसा, फक्त तो थांबेना. देवळातली माणसं उठून उभी राहिली. आक्कानं माझं मनगट धरलं, तिची नखं माझ्या कातडीत रुतली. मग आवाज थांबला आणि उभेवाडीच्या बाजूनं पाखरांचा थवा आमच्या डोक्यावरून गेला.

दाजी आले तेव्हा कुणी त्यांना ओळखलं नाही. पायापासून केसांपर्यंत तांबडे. पाठीवर लंगड्या हौसाबाई होत्या, तिघींतल्या एक. त्यांना त्यांनी देवळाच्या फरशीवर उतरवलं आणि स्वतः शेजारी बसले.

"आई म्हणाली, हिला चालता येत न्हाई, हिला आदी ने. आमी मागनं येतो," ते म्हणाले. "मी ओढ्याच्या अल्याड पोचलो हुतो."

वाडीच्या जागी नुसता चिखल होता. एका घराचं आढं वर दिसत होतं, आक्काचं घर कुठं होतं ते दाजींनाही दाखवता आलं नाही. दोघी म्हाताऱ्या सापडायला पंचमीनंतर बरेच दिवस लागले.

तेरावं झालं त्या दुपारी आक्का आणि मी स्टुडिओच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. वाडीतल्या बायका तेव्हा आमच्या दारावरून जाताना माझ्या पाया पडायच्या. देवीनं पोरीच्या हातून इशारा दिला म्हणायच्या. मला ते सोसेना. निदान आक्काला तरी खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"आक्का, त्या फोटूत देवीचं काय न्हवतं. ती फिल्म..."

"तांबडं दिसत न्हाई तिला," आक्का म्हणाली. "मला शिकवतीस? तुझ्या जन्माच्या आदीपासनं आबांच्या अंधाऱ्या खोलीत तांबड्या दिव्यात उभी हाय मी. फोटू हातात आला तवाच वळाकलं."

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"तुझं तोंड बघितलं आन् कळलं, भ्यागीचं ह्ये म्हंत्यात ते खरंच लई मोठं हाय. म्हणून तर पैल्यांदा मीच बोंबलले. देवीच्या पायाशी जायाचं, नवरे न्यायचं, समदं माझ्याच मनानं काढलं."

कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं, ते तिनं पदरानं टिपलं. माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"रत्ने," ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्यांना भ्या घालाया तुझ्याकडं काईच न्हवतं का गं?"